केसपेपर मुलाचा, पथ्य घराचे

बालरोगशास्त्राची एम. डी. ही पदवी घेऊन मी व्यवसायास आरंभ केला, त्यास आता अठ्ठावीस वर्षे होत आली. त्या काळी आमच्या वॉर्डातील खाटा अतिसार, न्यूमोनिया, गोवर, विषमज्वर आणि क्षयजन्य मेंदुज्वर यांच्या बालरुग्णांनी भरलेल्या असत. मूल आठ-दहा दिवसांत बरे होऊन घरी जाई, किंवा दुर्दैवाने हाती लागत नसे. काहीही झाले तरी आजाराचा निकाल लवकर लागे. लसीकरण, जलसंजीवनी आणि सुधारलेले पोषण यांनी हे चित्र पुष्कळ पालटले. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत घडलेली ही गोष्ट आहे.

आज माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेली मुले निराळ्या आजारांची आहेत. दमा, टाइप-१ मधुमेह, अपस्मार, नेफ्रॉटिक सिंड्रोम, थॅलसेमिया आणि दरवर्षी वाढत चाललेली स्थूलता. हे आजार पाहुण्यासारखे येऊन जात नाहीत, ते घरातच राहायला येतात. महिन्याचे तास सातशे वीस. त्यांतील फार तर पाव तास ते मूल माझ्यासमोर असते, उरलेला सारा वेळ ते स्वयंपाकघरात, शाळेत, शिकवणीत आणि आजी-आजोबांच्या खोलीत असते. औषध मी लिहून देऊ शकते, परंतु या उरलेल्या वेळाचे काय, हा प्रश्न दीर्घकालीन आजारांत निर्णायक ठरतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी थोडे लिहावे असे वाटते. वाचकांत माझे व्यवसायबंधू आहेत, तसेच आपल्या समाजातील अनेक माता-पिता आणि आजी-आजोबाही आहेत. लेख दोघांसाठीही आहे.

'पथ्य' या शब्दाविषयी

आपल्या भाषेत 'पथ्य' हा फार चांगला शब्द आहे. 'पथ' म्हणजे वाट, आणि त्या वाटेला धरून असलेले ते पथ्य. आयुर्वेदात आहाराबरोबर दिनचर्या आणि ऋतुचर्याही सांगितली आहे, ती याच विचाराने. व्यवहारात मात्र पथ्य म्हणजे 'काय खायचे नाही' याची यादी, एवढाच अर्थ उरला. शिवाय ती यादी एकट्या रोग्यासाठी असते. सगळे घर श्रीखंड-पुरीला बसले आहे आणि एका कोपऱ्यात एकाच्या पानात मुगाची खिचडी, हे दृश्य आपल्याला इतके परिचयाचे आहे की त्यात काही चुकते आहे असे वाटतही नाही. प्रौढ माणूस असे पथ्य काही दिवस निभावून नेतो. बारा वर्षांच्या मुलाला ती शिक्षा वाटते, आणि शिक्षा चुकवण्याच्या युक्त्या मुले चटकन शिकतात.

सांगणे आणि घडणे यांतील अंतर

रुग्णाला सांगितले म्हणजे झाले, या समजुतीला उत्तर देणारे पुरावे आज आपल्यासमोर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद केले आहे की, विकसित देशांतही दीर्घकालीन उपचार नीट पाळणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास असते. तेथे शिक्षण, पैसा वा औषधे यांची वानवा नाही, तरीही ही स्थिती.

याच्या उलट बाजूचेही दाखले आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ व्यक्तींचा अमेरिकेतील अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामातील बदलाने मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी घटला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासात, जो २००६ साली प्रसिद्ध झाला, जीवनशैलीतील बदलाने हा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. अमेरिकेतील अभ्यासाचा ५८ हा आकडा आपण सभांमधून नेहमी ऐकतो. त्यामागची मेहनत मात्र क्वचितच सांगितली जाते. पहिल्या चोवीस आठवड्यांत प्रत्येक व्यक्तीबरोबर मार्गदर्शकाच्या सोळा पाठांची आखणी होती आणि पुढेही संपर्क तुटू दिला नव्हता. एकदा उपदेश करून हातात छापील तक्ता देण्याने तो आकडा आलेला नाही.

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास लिओनार्ड एपस्टाइन यांचा. तो १९९० साली प्रसिद्ध झाला. सहा ते बारा वर्षांची स्थूल मुले आणि त्यांचे पालक यांचे तीन गट केले होते. आहार-व्यायामाची माहिती तिन्ही गटांना सारखीच दिली. फरक एवढाच की, पहिल्या गटात मूल आणि पालक या दोघांच्याही बदलाला प्रोत्साहन दिले, दुसऱ्या गटात फक्त मुलाच्या, आणि तिसऱ्यात कोणाच्याही विशिष्ट बदलाला नाही. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातील मुलांच्या अतिरिक्त वजनाचे प्रमाण सुरुवातीपेक्षा ७.५ टक्क्यांनी कमी होते, तर तिसऱ्या गटातील मुलांचे १४.३ टक्क्यांनी वाढलेले होते. एकट्या मुलाला बदलायला सांगितलेल्या गटातही वजनाचे प्रमाण वाढलेलेच होते. माहिती सर्वांकडे सारखीच होती. टिकला तो ज्या घरात मोठी माणसेही बदलली त्या घरातील बदल.

शेवेचा डबा

माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाचे उदाहरण देते. मुलगा सातवीत, वय बारा, वजन ६२ किलो. तक्रार मात्र वजनाची नव्हती. आई म्हणाली, "मॅडम, मानेवरचा हा मळ कितीही घासला तरी निघत नाही." मानेच्या मागे आणि काखेत दिसणारा हा काळसर, मखमलीसारखा पट्टा मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले आहे, याची ती खूण असते. उटणी आणि साबण लावून आया मुलांची कातडी सोलून काढतात, म्हणून हे येथे मुद्दाम लिहिते.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या संशोधनातून एक गोष्ट जगापुढे मांडली आहे. भारतीय शरीर बाहेरून सडपातळ दिसले तरी त्यात चरबीचे प्रमाण अधिक असते, आणि ही घडण जन्मापासूनच दिसते. त्यामुळे 'आमच्याकडे सगळे असेच गुटगुटीत असतात' असे म्हणून आपल्याला निश्चिंत राहता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. मराठी माणसांच्या आवडत्या गोव्यात तर प्रौढांमधील प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले.

त्या मुलाच्या घरी आजी, आजोबा, आई आणि वडील. वडिलांना मधुमेह, आजोबांना रक्तदाब. पुढच्या भेटीला मी सर्वांना बोलावले आणि मुलाचे वजन हा विषय बाजूला ठेवून एवढेच विचारले, "तुमच्या घरातला दिवस कसा असतो, ते मला सांगता का?" आपल्या इंदूरच्या घरात जे असते तेच निघाले. सकाळी पोहे, त्यांवर मूठभर शेव आणि जीरावन, रविवारी जिलेबी. शाळेच्या डब्यात पराठा, मधल्या सुट्टीत उपाहारगृहातील समोसा, संध्याकाळी शिकवणीला जाताना पाकिटातले काहीतरी, आणि रात्री नऊनंतर मोबाइलसमोर जेवण. शेवेचा डबा जेवणाच्या टेबलावर कायमचा मुक्कामाला.

मी विचारले, "यातली कोणती एक गोष्ट तुम्हाला बदलता येईल असे वाटते?" वडील काही बोलले नाहीत. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, तो डबा मी वर फडताळात ठेवीन. पण मग सगळ्यांसाठीच हं. ह्यांनासुद्धा मागायचा नाही." आजोबा हसले, आणि तेथेच उपचाराला आरंभ झाला.

पहिले सहा आठवडे एवढेच. शेव बंद नाही. सकाळच्या पोह्यांवर प्रत्येकाला एक चमचा, मग डबा फडताळात. त्यानंतर गोड शीतपेयांच्या बाटल्या घरात आणणे थांबले. तिसरी गोष्ट आजोबांची. त्यांना फिरण्याचा सल्ला पूर्वीच मिळालेला होता आणि तो कधीच मागे पडला होता. आता रात्रीच्या जेवणाची वेळ आठवर आणली आणि जेवणानंतर नातू आजोबांना बागेपर्यंत नेऊ लागला. कोण कोणाला फिरवत होते, हे सांगणे कठीण होते.

वर्षभरात मुलाची उंची सात सेंटिमीटरने वाढली आणि वजन जवळपास तेवढेच राहिले. वाढत्या वयात अनेकदा एवढेच पुरते. वजन उतरवण्याची घाई नसते. ते स्थिर राहिले तर उंचीच त्याला गाठते. पालकांना हे समजावून सांगितले की त्यांच्या मनावरचा भार निम्मा उतरतो. मध्ये उन्हाळ्याची सुट्टी आणि मामाचे लग्न आले, सगळे सुटले. जुलैत कुटुंब खाली मान घालून परत आले. आम्ही पुन्हा डब्यापासूनच सुरुवात केली.

आपल्या शहराने शिकवलेले

सवय कशी लागते याचे उदाहरण आपल्याला दूर शोधायला नको. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपले इंदूर पंचविसाव्या स्थानावर होते. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षे ते देशात पहिले आले. इंदूरकरांचा स्वभाव एका वर्षात पालटला नव्हता. रस्त्यावरच्या कचरापेट्या हटवल्या गेल्या, गाणे वाजवीत गाडी रोज ठरलेल्या वेळी दाराशी येऊ लागली, ओला-सुका कचरा वेगळा ठेवणे हा प्रत्येक घराचा नियम झाला. शेजारीही तेच करत असल्याने कोणाला ते वेगळे वाटले नाही. चुकीची गोष्ट करणे अवघड झाले, योग्य गोष्ट करणे सोपे झाले, ती रोज घडली आणि सर्वांसाठी सारखी होती.

रुग्णाच्या घरातही हेच लागते. दम्याच्या मुलांचा प्रतिबंधक इन्हेलर रोज घ्यायचा असतो, पण दम लागला नाही की तो विसरला जातो. मी तो दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवायला सांगते. स्टेरॉइडच्या इन्हेलरनंतर चूळ भरणे आवश्यकच असते. म्हणून आधी इन्हेलर, मग ब्रश, असा क्रम लावला की एक जुनी सवय नव्या सवयीला आपल्याबरोबर ओढून नेते. त्याच घरात वडील गच्चीवर सिगारेट ओढत असतील आणि निजण्याच्या खोलीत डासांची कॉइल जळत असेल, तर मुलाच्या इन्हेलरने एकट्याने किती लढावे?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साधी नवी सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस लागतील असे आढळले. मध्यक ६६ दिवस. त्यातच असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. 'एकवीस दिवसांत सवय' हे ऐकलेले वचन घेऊन बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते.

टाइप-१ मधुमेह : येथे चूक कोणाचीच नाही

जीवनशैलीविषयी बोलताना एक काळजी घेतली पाहिजे. टाइप-१ मधुमेह हा गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट केल्याने तो होतो. आईच्या हातून काही चुकलेले नसते. तरीही प्रत्येक आई पहिल्या भेटीत तेच विचारते, आणि घरातील कोणीतरी ते तिला आधीच ऐकवलेले असते.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम इन्सुलिन दिले गेले. त्यापूर्वी या आजाराचे निदान म्हणजे काही महिन्यांची वा फार तर एक-दोन वर्षांची मुदत असे. शंभर वर्षांनंतरही काही घरांत 'ही सुई किती दिवस?' या वेदनेतून कोणी सुचवलेली पूड किंवा काढा सुरू होतो आणि इन्सुलिन थांबवले जाते. अशी एक पाच वर्षांची मुलगी खोल श्वास घेत, अर्धवट शुद्धीत माझ्याकडे आणली गेली होती. ती वाचली. तिच्या वडिलांना रागावण्यात अर्थ नव्हता. मुलीची सुई सुटावी यापलीकडे त्यांचा काही हेतू नव्हता. त्यांना एकच वाक्य पाठ करायला दिले: ताप असो, उलटी असो, उपवास असो, इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही. मात्रा किती घ्यायची, ते फोन करून विचारायचे. समाजातील प्रत्येक वाचकाने हे वाक्य लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

अमेरिका आणि कॅनडात १,४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, काटेकोर नियंत्रणामुळे डोळ्यांच्या पडद्याचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, हे सिद्ध केले. या रुग्णांची दरमहा भेट आणि मध्ये वारंवार फोन होत असत. अभ्यास संपला, तो आधार सुटला, आणि त्यांचे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे, म्हणजे एचबीए१सीचे मान सुमारे ७ वरून हळूहळू ८ च्या घरात गेले. निवडक, उत्साही आणि प्रशिक्षित रुग्णांची ही गोष्ट आहे. मग आपल्या रुग्णाची साखर वाढली तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी आपण क्षणभर थांबले पाहिजे. याच अभ्यासाचा दिलासा असा की, त्या चांगल्या वर्षांचा लाभ पुढे दीर्घकाळ टिकून राहिला.

माझ्याकडे सातव्या वर्षापासून येणाऱ्या एका मुलीची साखर तेराव्या वर्षी वाढू लागली. वयात येताना इन्सुलिनची गरज वाढतेच, पण कारण तेवढेच नव्हते. 'आता मोठी झाली' म्हणून आईने सारे तिच्यावर सोपवले होते. शाळेत दुपारचे इन्सुलिन ती स्वच्छतागृहात जाऊन घेई. एकदा मैत्रिणीने पाहिले, तेव्हापासून ती ते टाळू लागली. घरी साखर जास्त निघाली की आईचा चेहरा उतरे, म्हणून वहीत बरे दिसणारे आकडे लिहिले जाऊ लागले. घरच्यांनी आजार नातेवाइकांपासूनही लपवला होता. पुढे लग्नाचे कसे होईल, ही चिंता.

त्या मुलीला आहाराच्या नव्या तक्त्याची गरज नव्हती. वर्गशिक्षिकेशी बोलून शाळेच्या कार्यालयात एक खुर्ची मिळवली. संध्याकाळच्या इन्सुलिनच्या वेळी आईने केवळ शेजारी बसायचे ठरले. साखरेचा आकडा 'चांगला' किंवा 'वाईट' नसतो, तो 'कमी' किंवा 'जास्त' असतो, ही भाषा घराने शिकून घेतली. गणपतीत मोदक खायचा असेल तर त्याच्या हिशेबाने इन्सुलिन कसे घ्यावे, ते आई आणि मुलगी दोघी शिकल्या. लपवाछपवी संपायला बराच काळ लागला. लग्नाच्या चिंतेवर माझ्याकडे औषध नाही. ते समाजाच्या हाती आहे.

आपण डॉक्टरांनी काय करावे

विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी व्यसनमुक्तीच्या कामातून रुग्णाशी संवाद साधण्याची जी पद्धत विकसित केली, तिचे मर्म साधे आहे. बदलाची कारणे डॉक्टरच्या तोंडून येण्यापेक्षा रुग्णाच्या तोंडून यावीत. त्यासाठी तासभर लागत नाही. काय बदलता येईल, हे त्यांनाच विचारावे. मग 'हे जमेल असा विश्वास दहापैकी किती?' असे विचारावे. उत्तर चार आले तर गोष्ट आणखी लहान करावी. आठ आले तर ती केसपेपरवर औषधाच्या खाली तशीच लिहावी: काय, केव्हा, घरातील कोण कोण. एका भेटीत एकच गोष्ट. पुढील भेटीत वजनकाट्याकडे वळण्यापूर्वी त्या गोष्टीची चौकशी करावी. सणासुदीनंतरची भेट आधीच ठरवून ठेवावी, कारण घडी मोडते ती तेव्हाच. भेट शक्य नसेल तर परिचारिकेचा दोन मिनिटांचा फोनही पुष्कळ काम करतो.

आणि समाजाने काय करावे? मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना, पेयांतील व पदार्थांतील साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले. फलक चांगलाच, परंतु त्याच शाळेच्या उपाहारगृहात काय मिळते, हे पालकसभेत विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. गणेशोत्सवाच्या स्पर्धांत बक्षीस म्हणून चॉकलेटच्या डब्याऐवजी दोरीउड्यांची दोरी देता येईल. हळदीकुंकवाच्या फराळात एक ताट काकडी-गाजराचे ठेवता येईल, आणि ते 'मधुमेहींसाठी' अशी पाटी न लावता सर्वांसाठी ठेवावे. आपल्या डॉक्टर मंडळींच्या मासिक सभेतील कचोरीविषयीही कधीतरी ठराव मांडावा लागेल. त्यास अनुमोदक मिळेल की नाही, याची मात्र मला शंका आहे.

घरांना माझे सांगणे एवढेच. ज्या मुलाच्या नावाचा केसपेपर आहे, त्याला एकट्याला पथ्यावर बसवू नका. या आठवड्यात सर्वांना मिळून पाळता येईल अशी एकच गोष्ट निवडा, तीही आजी-आजोबांना विचारून. ती मोडली तर कोणाला बोल न लावता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. पुढच्या भेटीला येताना मुलाबरोबर घरातील आणखी एकाला घेऊन या. माझ्या खोलीत खुर्च्या पुरेशा आहेत.